"कार्टूनसाठे रडस हाऊ!"

पारोळ्याकडचे एक कापूस पिकवणारे शेतकरी मे 2025 मध्ये मुलाला घेऊन जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा इथेच खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. आठवडाभर धड जेवला नव्हता. "कार्टूनसाठे रडस हाऊ!" मुलाचे वडील, नाना, अहिराणीत म्हणाले, म्हणजे कार्टूनसाठी रडतोय हा. आवाज चढलेला होता, पण मला त्यात भीतीच जास्त दिसली.

कार्टून म्हणजे गॉर गुरा. जपानच्या होलोलाइव्ह या एजन्सीची, इंग्रजीत बोलणारी व्हीट्यूबर, म्हणजे ॲनिमेटेड रूपातली यूट्यूबर. पडद्यावर शार्कच्या वेशातली ॲनिमेटेड मुलगी, बोलणं-गाणं मागच्या खऱ्या व्यक्तीचं. सप्टेंबर 2020 मध्ये आली, 40 लाखांवर सबस्क्रायबर झाले, आणि मेच्या सुरुवातीला निरोपाचा कार्यक्रम करून थांबली.

"मॅडम, ती मला ओळखत नाही हे कळतं मला," मुलगा म्हणाला. "पण रात्री खोलीत कुणाचा तरी आवाज असायचा." शेवटी शेवटी ती फारशी लाइव्ह येत नव्हती, तरी हा जुनंच लावून झोपायचा.

पालक विचारतात, हे वेड आहे का? नाही. टीव्ही-रेडिओवरच्या माणसांबद्दल वाटणाऱ्या अशा एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं आहे. अडचण वेगळीच असते. घरातलं माणूस गेलं की गाव दारावर बसायला येतं. या दुःखाला कुणी येत नाही, उलट हसतात. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्या खेड्यांतल्या चाहत्यांचीही अशीच चेष्टा झाली होती.

मी त्याला विसर म्हटलं नाही. नेमकं काय गेलं, ते बोलत बसलो. आवाज गेला होता, झोपण्याआधीचा तास रिकामा झाला होता, आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या, तिच्याच चाहत्या मित्रांना त्याने निरोपानंतर एक अक्षर लिहिलं नव्हतं. मित्र तर जागेवरच होते! आधी तिथे लिहायचं ठरलं. जुने व्हिडिओ बघायचे, पण दिवसा. रात्री बहिणीला फोन, ही कल्पना त्याचीच.

एका बाबतीत मात्र मी कडक राहिले. तो रात्र रात्र जागून त्या आवाजामागची बाई कोण, आता कुठे आहे, हे शोधत होता. तिने नाव झाकलं तो तिचा हक्क. आणि रोज खपली काढली तर जखम भरणार कधी?

नाना मोबाइल काढून घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, नाना, त्याऐवजी विचारा तरी. त्यांनी जरा अवघडून विचारलं, "काय करे ती?" पोरगा बराच वेळ बोलला. नानांना निम्मं समजलं नसेल, पण ते उठले नाहीत.

उदासी, झोप किंवा जेवण दोन आठवड्यांनंतरही सुधारलं नाही, तर थांबू नका. आणि "जगून काय करू" अशी भाषा आली, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा; तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

या मुलावर ती वेळ आली नाही. भूक लवकर परतली, झोपेला मात्र पावसाळा उजाडला.