सातबाऱ्यावर अजून मालकच

"ताई, माझं वय ५४. लग्न केलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात लहानसं गाव आहे, तिथं अंगणवाडीत मदतनीस आहे. १० वर्षांपासून मी माझ्या सोबतिणीच्या घरी राहते. तिचे मालक २०१४ मध्ये गेले, लेकरू नाही. सासू-सासरे त्यांच्या आधीच गेले होते. आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही, तुम्हाले समजते, जास्त लिहीत नाही. पोळ्याला बैल आम्ही जोडीनंच पुजतो. आमच्यासारख्यांच्या लग्नाले कोर्टानं नाही म्हटलं, हे मोबाइलवर ऐकलं. पण शेजारच्या गावचे एक महाराज म्हणतात, देवापुढं दोघींना हार घालून देतो, देवाच्या दरबारात कागद लागत नाही. तिची फार इच्छा आहे. ते लग्न धरलं जाते का? रजिस्टर करता येईल का? धर्मात बसते का, पाप तर नाही ना? माझ्या नावावर बापाकडली दीड एकर आहे. तिचं चार एकर वावर मालकांच्या वाटणीले आलेलं. सातबारा अजून मालकांच्याच नावावर आहे, पण ते काही अडत नाही, दिरांचं जाणं-येणं आहे. बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणतो. तेवढं हाराचं सांगा."

ताई, हाराचं सांगते. पण आधी तुम्ही जे एका ओळीत उरकून टाकलं, तिथं बसू द्या मला. सातबारा अजून मालकांच्याच नावावर आहे, पण ते काही अडत नाही.

११ वर्षं झाली माणूस जाऊन. आणि अडत नाही म्हणता? गेलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावर बँक पीककर्ज देत नाही, म्हणून तर दर मृगाला कृषी केंद्रापुढे उधारीसाठी उभं राहावं लागतं. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये तिला मिळत नसणार. पीकविम्याचा अर्ज भरायला बसलात की पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच. फवारताना विषबाधा झाली, वावरात साप चावला आणि माणूस गेलं, तर शेतकरी अपघात योजनेत २ लाख मिळतात. तिथंही खातेदार कोण हेच आधी पाहतात. पहाटेपासून त्या वावरात राबणारी बाई सरकारच्या दप्तरात शेतकरीच नाही.

आता कायदा सांगते, नीट वाचा. तिलाही वाचून दाखवा.

नवरा मृत्युपत्र न करता गेला, लेकरू नाही, आई आधीच गेलेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं अशा वेळी सगळं बायकोचं. चारही एकर आजच तिची आहेत, फक्त कागदावर तिचं नाव चढलेलं नाही. भाऊ हे दुसऱ्या वर्गातले वारस. बायको हयात असताना त्यांचा नंबरच लागत नाही. ती कोणाबरोबर राहते, यावर तिचा हक्क ठरत नाही. कोणी तसं म्हणून भीती घातली असेल तर ती मनातून काढून टाका.

पण ती तुमच्या आधी गेली तर? त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं, नवऱ्याकडून आलेली मिळकत, बाईला मूलबाळ नसेल तर, पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे दिरांकडे. तिच्या माहेरालाही नाही. तुम्ही तर त्या यादीत कुठंच नाही. ज्या घरात बसून हे पत्र लिहिलंत, ते घर नवऱ्याचं असेल तर तेही जाईल. दिरांचं जाणं-येणं का टिकून आहे, हे तुम्हाला कळत नाही असं मला वाटत नाही.

माझ्या आजोळी, वर्धा नदीच्या काठच्या गावात, अशाच दोघी होत्या. गाव त्यांना बहिणी म्हणायचं. घर आणि वावर एकीच्या नावावर होतं, ती आधी गेली. तेरवीच्या पंगती उठल्या आणि दुसरीच्या हातात तिची लुगडी दिली, ढेपेच्या पोत्यात भरून. कोणी शिवी दिली नाही, अंगावर हात टाकला नाही. "आता तुमचं इथं काय काम?" एवढंच विचारलं. २० वर्षं त्या वावरात तिनं निंदण केलं होतं. मी १४ वर्षांची होते. ते पोतं मला अजून दिसतं, म्हणून तुमचं पत्र वाचून मी शांत राहू शकले नाही.

तुम्ही हाराबद्दल इतकं लिहिलंत आणि सातबाऱ्याबद्दल एकच ओळ, ते का, हेही मला दिसतं. हार मागितला तर प्रेमाची म्हणतील, सातबाऱ्याचं नाव काढलं तर वावरासाठी राहिली म्हणतील. या एका वाक्याच्या भीतीनं तुम्ही १० वर्षं तोंड मिटून बसलात, आणि स्वतःला समजावलंत की हा चांगुलपणा आहे. ताई, हा भित्रेपणा आहे. आणि त्याचं नुकसान ती सोसते आहे, दर हंगामाला.

हाराचं आता. रजिस्टर लग्न होणार नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा जात-धर्म पाहत नाही, पण पुरुष आणि स्त्री एवढंच तो ओळखतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायाधीशांनी तो बदलायला नकार दिला, ते काम संसदेचं म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. मला तो निकाल पटलेला नाही, पण आज तो आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही वर आणि वधूच आहेत, तेव्हा महाराजांच्या हारालाही कायदा लग्न धरणार नाही. मात्र दोघींनी एका घरात नांदायला कोणाची परवानगी लागत नाही, हे त्याच निकालात आहे. २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की रेशन कार्डासाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. बँकेत जोडखातं काढायला आणि एकमेकींना नॉमिनी करायलाही आडकाठी नाही. ती दोन्ही कामं करून घ्या.

पापाचं विचारता. कोणाचं काय हिरावून घेतलंत तुम्ही? जोतीराव फुल्यांनी २५ डिसेंबर १८७३ ला भटाशिवाय लग्न लावून दिलं, तेव्हाही धर्मात बसतं का म्हणून विचारणारे होतेच. त्यांचं ऐकत बसले असते तर ती लग्नं लागलीच नसती. तुमच्या महाराजांचं मन मोठं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण देवाच्या दरबारात कागद लागत नाही हे ऐकून तुम्ही जो सुस्कारा टाकलात, तो मला नको आहे.

सोमवारी तिला घेऊन तलाठ्याकडे जा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वारस नोंदीचा अर्ज द्या, सोबत मालकांच्या मृत्यूचा दाखला, वारसाचं शपथपत्र, सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा. अर्जाची पोच हातात आल्याशिवाय उठू नका. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. घराची नोंद ग्रामपंचायतीत, तीही त्याच आठवड्यात तिच्या नावावर करायला टाका.

फेरफार, म्हणजे नावबदलाची ही नोंद, झाला की मृत्युपत्र. तिचं तुमच्या नावानं आणि तुमचं तिच्या नावानं, एकाच दिवशी. हो, तुमचंही, तुमची दीड एकर बापाकडून आलेली, ती तुमच्या मागं बापाच्या वारसांकडे जाईल, तिला मिळणार नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, नात्यातले नकोत, वयानं तुमच्याहून लहान असू द्या. सह्या त्यांच्या समोर करा. नोंदणी सक्तीची नाही, तरी तालुक्याला दुय्यम निबंधकांकडे नोंदवाच, आणि जाताना डॉक्टरांकडून प्रकृती ठीक असल्याचा दाखला घ्या. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीला काही समजत नव्हतं. आणि ती दीड एकर कितीही नड आली तरी विकू नका. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना कायदा आडवा येतो, मृत्युपत्रानं मिळाली तरी येऊ शकतो. त्या दीड एकरामुळे तुम्ही खातेदार आहात.

तिच्याशी बोलायचं ते घरात स्वैपाक करता करता नको. वावरात जा, धुऱ्यावर बसा. ११ वर्षं तिनं हे काम टाळलं, त्यामागं आळस नसावा. सातबाऱ्यावरून नाव निघालं की माणूस दुसऱ्यांदा जातो, असं वाटतं बायांना. तिला सांगा की फेरफारात त्याचं नाव पुसून टाकत नाहीत. तो मयत आणि ती त्याची पत्नी, वारस, अशी दोघांची नावं एकाच नोंदीत येतात आणि ती नोंद दप्तरात राहते. मग तुमचं सांगा. तुझ्या मागं मले याच घरात राहायचं आहे, याच वावरात जायचं आहे, असं तुमच्या बोलीत, तिच्याकडे पाहून म्हणा. तिनं कधीतरी स्वतःहून विचारावं म्हणून थांबू नका.

मृगाच्या आधी अर्ज गेला पाहिजे. महाराजांना पोळ्यानंतरची तारीख द्या. पुढच्या पत्रात मला आधी फेरफाराचा नंबर लिहा, मग हार कोणत्या फुलांचे घेतले ते.