वारज्यातला २००३ सालचा फ्लॅट ७८ लाखांना घ्यावा का?

प्रश्न: वारज्यात २००३ साली बांधलेल्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावरचा टू-बीएचके ७८ लाखांना मिळतोय. एजंट म्हणतो, एरिया १,००० चौरस फूट आहे, मेट्रो येतेय आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. आम्ही मोजला तर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६५० भरला. त्यात हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी धरलेली आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १.३० लाख, शिल्लक २४ लाख. २० टक्के म्हणजे १५.६० लाख भरून उरलेल्या पैशांत फर्निचर करायचा विचार आहे. घेऊ का?

उत्तर: ७८ ला नको. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ६२.४० लाखांचा हप्ता सुमारे ५४,००० बसतो. पगाराच्या चाळीस टक्क्यांवर जातो, ओढाताण होईल पण निभेल. खरी अडचण आहे ती खरेदीच्या दिवशी खिशातून जाणाऱ्या पैशांची.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५.४६ लाख. नोंदणी ३०,०००, दलाली एक टक्का धरली तर ७८,०००, सोसायटीची हस्तांतर फी कमाल २५,०००. हे पावणेसात लाख कर्जात बसत नाहीत. म्हणजे फर्निचरला आठ लाख नाहीत, दीड लाखच आहेत.

आणि तेही बँकेने ७८ लाख किंमत मान्य केली तर. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशावरचं क्षेत्रफळ धरतो. आत घेतलेली बाल्कनी तो बहुधा वगळतो. ती ६० चौरस फूट असेल तर उरतात ५९०. तुमच्या ७८ लाखांचा ६५० वर दर निघतो १२,००० रुपये (एजंटच्या १,००० फुटांवर ७,८०० चा दर दिसतो, पण तो जिना वगैरे सामाईक जागा धरून केलेल्या सेलेबल एरियावरचा आहे, तो विसरा). ५९० गुणिले १२,००० म्हणजे ७०.८० लाख. त्याच्या ८० टक्के कर्ज ५६.६४ लाख. मग तुम्हाला स्वतःचे २१.३६ लाख आणि वरचा खर्च मिळून २८ लाखांवर लागतील. तुमच्याकडे २४ आहेत. टोकन देऊन झाल्यावर हे कळलं तर लोक वैयक्तिक कर्ज काढतात, आणि तिथेच गाडं रुततं.

मेट्रोचे पैसे आज मोजू नका. वनाज मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये धावली. रिडेव्हलपमेंटसाठी एकच प्रश्न विचारा: कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर आधी मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) खटपट आहे. त्यात वाढीव एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येतं तो आकडा) समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. गल्ली अरुंद असेल तर बिल्डर फिरकतही नाही.

बाजारभाव पोर्टलवर बघू नका, तिथे मागणीचा आकडा असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या आणि शेजारच्या सोसायटीतल्या गेल्या दीड वर्षाच्या सूची क्रमांक दोन (इंडेक्स-टू, नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढा आणि प्रत्यक्ष नोंदलेली रक्कम कार्पेटने भागा.

आता फ्लॅट. वरचा मजला म्हणजे गच्चीची गळती आलीच. ती दुरुस्त करणं सोसायटीचं काम, पण दुरुस्ती निधीच रिकामा असेल तर नियम काय कामाचा? शेवटचा ताळेबंद आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तो दर पाच वर्षांनी करायचा असतो. छताला एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तिथे बोट दाबा. प्लॅस्टर भुसभुशीत लागलं किंवा पांढरी क्षाराची पूड निघाली तर पाणी अजून मुरतंय. केसासारख्या नागमोडी भेगा बहुतेक प्लॅस्टरच्या. पण बीमच्या खालच्या बाजूने सळईला समांतर सरळ भेग गेली असेल, तर आत सळई गंजून फुगलीय आणि काँक्रीट ढकलतेय. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाथरूममध्ये नाण्याने फरश्या वाजवा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. मालक तयार असेल तर नहाणी ट्रॅप ओल्या फडक्याने गच्च बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवा आणि खालच्या घराचं छत बघा. शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडा. धार बारीक झाली तर भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप बहुधा गंजाने आतून भरत आलेत. ते बदलायचे म्हणजे फरश्या फोडणं आलं.

दस्त नोंदवताना मालक परदेशात स्थायिक आहे का, हे विचारा. निवासी विक्रेत्याला देताना एक टक्का टीडीएस कापायचा असतो, अनिवासीला तो नियमच लागू नाही, कपात कितीतरी मोठी असते. चुकली तर आयकर खातं तुम्हाला धरतं.

माझ्या मते बोली ७० लाखांची लावा, फार तर ७१. ७० ला कर्ज ५६ लाख, हप्ता ४८,६००, स्वतःचे सगळे मिळून सुमारे २०.१५ लाख. उरलेल्या ३.८५ पैकी तीन लाख सहा हप्त्यांपुरते बाजूला ठेवा, बाकीचे बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला. मॉड्युलर किचन वर्षभर थांबू शकतं. टोकन ५१,००० च्या वर देऊ नका, आणि तेही ‘कर्ज नामंजूर झाल्यास, मालकीच्या तीस वर्षांच्या शोध अहवालात खोट निघाल्यास किंवा मूल्यांकन ७० लाखांखाली आल्यास पूर्ण परत’ असं लिहून घेऊन, चेकनेच.