ब्रिटनमध्ये जुन्या हॉट हॅचबॅक गाड्या एवढ्या महाग का झाल्या? आता प्युजो २०५ जीटीआय घेणं शहाणपणाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त इंग्लंडला आल्यावर १९८०-९० च्या दशकातल्या छोट्या, वेगवान गाड्यांचा नाद लागला, पण किमती बघून धडकी भरली. हे निव्वळ नॉस्टॅल्जियाचं खूळ आहे का, २०५ जीटीआयला १४ हजार पौंड मोजावेत का आणि परतताना ती पुण्याला नेता येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही नेता येणार. व्हिंटेज म्हणून भारतात आणायची तर गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, आणि सगळ्यात पहिली २०५ जीटीआय १९८४ ची. म्हणजे इथे आहात तोवरच तिचं सुख. बाकीच्या दोन प्रश्नांवर जरा सविस्तर लिहितो, कारण मी २००४ पासून कव्हेंट्रीत राहतो, माझ्या दारात १९८९ ची २०५ जीटीआय आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे.

माझं हे वेड मात्र डोंबिवलीतलं आहे. १९९६ मध्ये बाबांनी पांढरी प्युजो ३०९ घेतली. प्रीमियर आणि प्युजो मिळून तेव्हा कल्याणच्या कारखान्यात ती बनवत. काही वर्षांतच तो कारभार आटोपला, पण आमच्या घरी ती गाडी पुष्कळ वर्षं टिकली. मी तिच्यावरच शिकलो. कव्हेंट्रीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजीबाईंच्या अंगणात पाच दारांची एक साधी २०५ दिसली आणि मी जागच्या जागी थबकलो. दारं ओळखीची होती! मागच्या खिडकीचा कोन, काचेखालची रेघ, सगळं आमच्या गाडीचं. नंतर कळलं की ३०९ ला प्युजोने २०५ चीच दारं वापरली होती, आणि ब्रिटनसाठीच्या ३०९ कव्हेंट्रीच्या वेशीवर, रायटनच्या कारखान्यात बनायच्या. तो कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आता तिथे गोदामं आहेत.

तर मुद्दा किमतींचा. छोट्या घरगुती गाडीत दमदार इंजिन घालायची चाल रुळली ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे. १९७५ मध्ये ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली, पुढच्या वर्षी विकायला आली. कंपनीने आधी फक्त ५,००० गाड्यांचा बेत केला होता, पण पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. ११० अश्वशक्ती, चौकड्यांच्या कापडाच्या सीट, गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. आठवडाभर ऑफिस, शनिवारी किराणा आणि रविवारी डोंगरातला घाट, सगळं एकाच गाडीत. मग फोर्डच्या एक्सआर आणि आरएस आल्या, आणि १९८४ मध्ये २०५ जीटीआय आली. १.६ लिटरचं इंजिन, १०५ अश्वशक्ती, पुढे ११५. १९८६ मध्ये १३० अश्वशक्तीची १.९ आली. त्याच सुमारास २०५ टर्बो १६ ने १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक रॅलीची अजिंक्यपदं जिंकली. ती गाडी आतून पूर्णपणे वेगळी होती, इंजिन मधोमध आणि चारही चाकांना ताकद, पण चेहरा तोच होता. टीव्हीवर चिखल उडवत जाणारी गाडी आणि कोपऱ्यावरच्या शोरूममधली गाडी पोरांना एकच वाटायची.

ती पोरं आता पन्नाशी-साठीत आहेत. तेव्हा त्यांच्याकडे फक्त भिंतीवरचं पोस्टर होतं. आता घराचं कर्ज फिटलंय, मुलं मार्गी लागलीत आणि हातात पैसा आहे. किमती चढण्याचं हे पहिलं कारण, आणि मला ते अजिबात हास्यास्पद वाटत नाही. चाळिशीत आल्यावर आपणही जुनी राजदूत किंवा येझदी शोधत फिरतोच ना? डोंबिवलीतला माझा एक मित्र २००१ नंतरची फियाट पालिओ १.६ जीटीएक्स धडक्या अवस्थेत मिळावी म्हणून दोन वर्षं हिंडला. आपल्याकडच्या रस्त्यांवर शंभर अश्वशक्तीची हॅचबॅक तेव्हा नवलाची होती, हे तो अजून विसरलेला नाही.

दुसरं कारण, या गाड्या उरल्याच कमी. का उरल्या नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. ऐंशीचं दशक संपता संपता ब्रिटनमध्ये या गाड्यांच्या चोऱ्यांना ऊत आला होता. टोळकी गाडी पळवायची, रात्रभर वस्तीत भरधाव हाकायची आणि शेवटी जाळून टाकायची. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की १९९२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विमा एवढा महागला की पंचविशीच्या आतल्या मुलाला गाडी परवडली तरी विमा परवडेना. मागणी बसली, किमती कोसळल्या. स्वस्तात हाती आलेल्या गाड्या मग पोरांनी वाटेल तशा वापरल्या, ठोकल्या, रंगवल्या, त्यांची इंजिनं काढून दुसरीकडे बसवली. उरलेल्यांना गंज लागला. त्यावर २००९ मध्ये सरकारी योजना आली: दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत द्या आणि नव्या गाडीवर २,००० पौंड सूट मिळवा. तेव्हा चालू स्थितीतली साधी २०५ त्याच्या निम्म्या किमतीलाही जात नव्हती. कोण जपणार?

मी तरी कुठे जपली? २००६ मध्ये मी ९०० पौंडांना लाल रंगाची १.६ घेतली आणि २००९ मध्ये मुलगी झाल्यावर हजार पौंडांना विकली. लहान बाळाला मागच्या सीटवर ठेवायला-काढायला तीन दारांची गाडी अडचणीची होते, हे खरं. घेणारा माणूस किल्ली घेऊन गेला तेव्हा बायको म्हणाली, "राहू दे की, पडून राहील." मी ऐकलं नाही. २०१७ मध्ये तशीच दुसरी घेतली, तेव्हा ८,५०० पौंड मोजले. आजही मी ती रक्कम वाया गेली असं म्हणणार नाही, पण पहिली विकल्याची हळहळ जात नाही.

गाडी दुर्मीळ झाली म्हणून आपोआप महाग होत नाही, हेही सांगतो. साधी, रडतखडत चालणारी १.३ ची ३०९ आज रस्त्यावर दिसणं जीटीआय दिसण्याहून कितीतरी कठीण आहे, आणि तिला कोणी विचारत नाही. हजारो लोकांच्या मनात एकच आठवण असावी लागते, तेव्हा भाव चढतो. तिला एखादी मोठी गोष्ट चिकटली तर मग विचारायलाच नको. राजकुमारी डायना ज्यात फिरायची ती काळी फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बो ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात साडेसहा लाख पौंडांच्या वर गेली. ते पैसे कोणी एस्कॉर्टसाठी दिलेले नाहीत.

आता तुमच्या 'खूळ' या शब्दाबद्दल. २०५ जीटीआय एकदा चालवून बघा, मग हा शब्द तुम्हीच मागे घ्याल. तिचं वजन ९०० किलोंच्या आतबाहेर. आजची गोल्फ जीटीआय १४०० किलोंच्या वर आहे, आणि प्युजोने २०२५ मध्ये जीटीआय हे नाव ज्या विजेवरच्या २०८ वर परत आणलं, ती १६०० किलोंच्या आसपास. एअरबॅग, मजबूत सांगाडा, बॅटऱ्या यांचं हे वजन आहे आणि त्याने माणसं वाचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, हे मुलीला शेजारी बसवताना दर वेळी मनात येतं. पण तशी हलकी गाडी आता कोणी नव्याने बनवून विकू शकत नाही. म्हणून जी आहे तिलाच किंमत.

बसल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते बाहेरचं जग. खिडकीचे खांब बोटभर रुंद वाटतात, चारही कोपरे बसल्या जागेवरून दिसतात. माझ्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये खांदे भरून येतात, पण चाळीसच्या वेगानंतर तेच स्टीअरिंग हातात बोलायला लागतं. रस्त्यावर डांबराचं ठिगळ असेल तर ते तळहाताला कळतं. ओला रस्ता कुठे सुरू झाला तेही कळतं. ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला की इंजिन तत्क्षणी उत्तर देतं. १.९ मध्ये इंजिन हळू फिरत असतानाही जोर जास्त असतो, पण १.६ च्या इंजिनाला भराभर फिरायची हौस आहे, आणि मला तीच आवडते. यावरून इथल्या शौकिनांत चाळीस वर्षं वाद चालू आहे.

एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक वाचा. वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. सोडला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर निघते. पहिली गाडी घेतल्यावर महिन्याभरातच पावसात एका चौकाच्या गोल वळणावर मी हेच केलं. गाडी पुरती फिरून आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. इंजिन बंद पडलं होतं, वायपर चालू होते, आणि बराच वेळ मला किल्लीला हात लावावासा वाटला नाही.

घ्यायला जाल तेव्हा आधी गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहा. मागची दोन्ही चाकं वरच्या बाजूला आत कललेली दिसली, तर मागच्या ॲक्सलमधली बेअरिंगं गेली असं समजा. पाणी शिरून ती गंजतात आणि बसल्या जागी झीज करतात. वयाने होणारी ही दुखणी आहेत, दुरुस्त होतात, पण तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती बघा. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. बॅटरीखाली आणि दारांखालच्या पट्टीत गंज आहे का ते हाताने चाचपून बघा. यांत्रिक भाग बरेचसे मिळतात, काही तर प्युजोच्या वारसा विभागाने पुन्हा बनवायला घेतलेत. आतलं कापड आणि प्लॅस्टिक मात्र सहज मिळत नाही. म्हणून सीट फाटलेली आणि इंजिन उत्तम, यापेक्षा सीट अखंड आणि इंजिन थोडं थकलेलं अशी गाडी मी आधी उचलीन. आणि एमओटीची, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची, जुनी नोंद सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की फुकट दिसते. प्रत्येक तपासणीच्या वेळी गाडी किती मैल धावली होती, ते त्यात असतं. विकणाऱ्याच्या गोड बोलण्याआधी ते वाचा.

खर्चाचं म्हणाल तर ४० वर्षं पूर्ण झाली की गाडी ऐतिहासिक वर्गात टाकता येते. मग रस्ता कर लागत नाही, आणि गाडीत मोठे फेरफार नसतील तर एमओटीची सक्तीही उरत नाही. मी तरीही दर वर्षी करून घेणार. धूर जास्त सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरच्या प्रदूषण शुल्काचे लंडनचे रोजचे साडेबारा पौंड आणि बर्मिंगहॅमचे आठ पौंडही तेव्हा सुटतात. विमा क्लासिक गाड्यांचाच घ्या, मर्यादित मैलांचा, आणि गाडीची किंमत आधी लेखी ठरवून. नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला पस्तीस वर्षांची भंगार गाडी धरून भरपाई देते.

१४ हजार योग्य आहेत का? १.९ असेल, गंज नसेल, कागदपत्रं सलग असतील, तर हो. पण साठवून विकायला घेत असाल तर घेऊ नका. कोविडच्या काळात भाव फार चढले होते, नंतर थोडे उतरलेत, आणि पोस्टर लावणारी पिढी म्हातारी झाल्यावर पुढची पिढी २०५ मागेल की स्वतःच्या लहानपणची गाडी मागेल हे कोणी सांगावं? उभ्या गाडीचे रबर, ब्रेक आणि टाकी तशीही खराब होतात. आठवड्यातून एकदा तरी वीस मैल हाकणार असाल तर घ्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते. एका रविवारी त्यांना जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेलं. माझ्या गाडीचं त्यांनी कौतुक केलं, पण कडेला गवतावर एक फिकट निळी ३०९ उभी होती, रायटनमध्ये बनलेली, तिच्यापाशी बाबा निघून गेले. मालकाला विचारून त्यांनी मागचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मला म्हणाले, "आवाज तोच आहे रे." मालक तिथलाच, वडील त्या कारखान्यात कामाला होते म्हणून ठेवलेली गाडी. कितीला घेतली म्हणून मी विचारलं. आठशे पौंड, म्हणाला.