अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, मग ले शातेलिएच्या तत्त्वाप्रमाणे तापमान कमी ठेवायचं सोडून कारखान्यात 450 अंश का ठेवतात?

खताच्या कारखान्यात अमोनिया प्लांटच्या पॅनलवर नोकरी झाली आणि ह्याच विषयावरून आमच्या साडूंचं नि माझं भर बारशात वाजलंय, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ले शातेलिएचं तत्त्व म्हणजे समतोलावर (जाणारी नि येणारी रिअ‍ॅक्शन सारख्याच वेगाने चालते ती स्थिती) ताण आला की तो ताण कमी होईल त्या बाजूला तो सरकतो. म्हणून कमी तापमानाला समतोल अमोनियाच्या बाजूने असतो हे बरोबर, पण तिथवर पोचायला किती वेळ लागेल ह्याबद्दल थर्मोडायनॅमिक्स चकार शब्द काढत नाही. 25 अंशाला डेल्टा जी (हा उणे असला की रिअ‍ॅक्शन आपोआप पुढे जाऊ शकते) उणे 33 किलोज्यूलच्या आसपास, कागदावर झकास, पण नायट्रोजनचा तिहेरी बंध मोलमागे 945 किलोज्यूलचा, तो ढिम्म हलत नाही. तापवलं की वेग येतो पण चार मोल वायूचे (एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन) दोनच मोल अमोनिया होतात म्हणून एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, आडवी येते, साध्या दाबाला 190 अंशांच्या आसपासच डेल्टा जी शून्य ओलांडतो. मग 150-200 बार दाब देऊन समतोल परत ओढून आणायचा. 450 ही तडजोड आहे, बास.

तर साडू. अकरावी-बारावीचे क्लास घेतात. पंगतीत पोरांना सांगत होते की लोखंडाचा कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) टाकला की समतोल उजवीकडे सरकतो. मी म्हटलं अहो, तो जाणारी आणि येणारी दोन्ही रिअ‍ॅक्शन सारख्याच पटीत वाढवतो, के, म्हणजे समतोलाचा स्थिरांक, तसूभर हलत नाही. तर म्हणे, "मग नवीन कॅटॅलिस्ट भरल्यावर टनेज वाढलं म्हणून तुम्ही पेढे कशाचे वाटले होते?" सगळे हसले. हातात जिलेबीचं ताट घेऊन ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देतो.

कन्व्हर्टरच्या (अमोनिया जिथे तयार होतो ते पात्र) बेडमध्ये, म्हणजे कॅटॅलिस्टच्या थरात, गॅस 400 च्या आसपास शिरतो, रिअ‍ॅक्शनच्याच उष्णतेने 500 च्या घरात जातो, आणि एकदा का समतोल गाठला की खाली कितीही कॅटॅलिस्ट असू दे, पॅनलवर तापमान पुढे सरकत नाही. म्हणून मधे गार करून पुढच्या बेडला सोडायचा. कॅटॅलिस्ट म्हातारा झाला की गॅस समतोलाला पोचायच्या आधीच बाहेर पडतो, नवा असला की पोचतो. पेढे त्याचे होते! शिवाय एका फेरीत 15-20 टक्केच गॅसचा अमोनिया होतो, तो गार करून द्रवरूपात काढायचा आणि उरलेला गॅस परत लूपमध्ये फिरवायचा, खरी कमाई ह्या फिरवण्यात आहे जे क्लासमध्ये कोणी शिकवत नाही.

बाय द वे, खुद्द ले शातेलिएंनी 1901 च्या सुमारास दाब देऊन अमोनिया करून बघितला होता, मिश्रणात हवा राहिली, स्फोट झाला, त्यांनी नाद सोडला. 1909 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरनी करून दाखवलं आणि बॉशनी 1913 ला जर्मनीतल्या ओपाऊमध्ये कारखाना चालू केला. तत्त्व पाठ असणं वेगळं नि प्लांट चालवणं वेगळं, एवढंच म्हणतोय.

आकडे प्लांटगणिक बदलतात हं, माझेच धरून बसू नका. आणि रुथेनियमवाला कॅटॅलिस्ट कमी तापमानाला काम करतो, तापमान उतरवता आलं की समतोलातच अमोनिया जास्त मिळतो, तेव्हा आडवळणाने कॅटॅलिस्टचा फायदा यील्डला होतो हे मान्य. पण तिथेही के हलला तो तापमानामुळे. साडू, फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकाल तेव्हा हे शेवटचं वाक्य कापू नका.