‘एनर्जी नाही’ म्हणजे नक्की काय? (उत्तर जरा लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी चिडचिड जशीच्या तशी वर आली. सोमवतीला जेजुरीच्या गडावर काढलेला भंडाऱ्याचा फोटो तुम्ही क्लबच्या ग्रुपवर टाकलात. निम्म्या लोकांनी ‘कडक’, ‘जबरी क्लिक’ म्हटलं. दोन ज्येष्ठांपैकी एकाने ‘पिवळा फाटलाय’ लिहिलं, दुसऱ्याने ‘एनर्जी नाही’. म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत तर दोघंही गप्प. आणि आता क्लब सोडावा का, असा तुमचा प्रश्न आहे. सोडू नका. निदान या फोटोपायी तरी नको.

आधीच सांगतो, मी परीक्षक वगैरे नाही. नोकरी सांभाळून रविवारी कॅमेरा बाहेर काढणारा माणूस. माझं चुकतही असेल. रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन-तीन भाग करून मांडणी), तिरकं क्षितिज असलं काही सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतं हे फोटोवरूनच कळतंय.

‘पिवळा फाटलाय’, म्हणजे पिवळ्यातला तपशील उडालाय, हे मात्र खरं आहे, फक्त सांगणाऱ्याने कष्ट घेतले नाहीत. डिजिटल फोटोतला रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलनी बनतो. हळदीच्या पिवळ्यात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो, निळा जवळपास शून्यावर असतो. कॅमेऱ्याच्या मागे जो एकच पांढरा हिस्टोग्राम (फोटोचा किती भाग किती उजळ आहे याचा आलेख) दिसतो, त्यात हिरव्याचं वजन जास्त, त्यामुळे लाल फुटलेला (भरून तपशील गेलेला) त्यात कळतच नाही. मेनूतून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. शिवाय गडाचा काळा दगड फ्रेममध्ये आला की कॅमेरा स्वतःहून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) वाढवतो. मी तिथे दोन तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खालीच ठेवतो. पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’ (रंग भडक करणारी) असेल तर तीही बदला, कारण रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढत असलात तरी मागचा हिस्टोग्राम जेपेगवरूनच बनतो. (जाता जाता: भंडाऱ्यात लेन्स बदलू नका, आणि काचेवर पडलेली हळद ओल्या फडक्याने पुसू नका. आधी हवा मारायचा ब्लोअर. माझी एक किट लेन्स अजून झूम करताना करकरते.)

आता ‘एनर्जी नाही’बद्दल. त्यासाठी माझी गोष्ट सांगावी लागेल.

2016 ची वारी. दिवे घाटात मी माउलींच्या पालखीबरोबर चालत होतो. घाटाच्या वळणाचा वरून घेतलेला फोटो सगळ्यांकडे असतो, म्हणून मी खाली रस्त्यावरच थांबलो. डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई थांबली होती. चेहऱ्यावर घाम, नजर फ्रेमच्या उजवीकडे. उजव्या कडेला पाण्याच्या टँकरचा नळ आणि प्लास्टिकचा ग्लास धरलेला एक हात. एवढाच फोटो. मला तो आवडला होता, पण का आवडला हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

महिन्याच्या बैठकीत पडद्यावर दाखवला. आमच्याकडे एका फोटोला अर्धा मिनिट मिळायचा. तिथल्या एका बड्या सदस्याने लेझर त्या हातावर नाचवला. म्हणाले, “हा कचरा काढ. बाईवर लक्ष राहत नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. क्रॉप करून बघितला तर तुळशीची उजवी बाजू कापली जात होती, म्हणून हात आणि नळ क्लोन करून (शेजारचा भाग त्यावर चिकटवून) पुसून टाकला. दोन रात्री बसलो त्यावर. मागचा डोंगर इतका बेमालूम जमला की माझा मलाच अभिमान वाटला.

तो फोटो एका स्पर्धेत प्रवासचित्रण विभागात पाठवला. निवड झाली, मग मूळ फाइल मागवली, आणि मी निरागसपणे ती पाठवलीही! दोन ओळींचा मेल आला: बाद. त्या विभागात क्रॉप चालतो, सेन्सरवरचा धुळीचा ठिपका काढलेला चालतो, कृष्णधवल केलेलंही चालतं, पण दृश्यातली वस्तू काढणं किंवा घालणं चालत नाही. नेचर (निसर्ग) विभागालाही तेच. ओपन विभागात पाठवला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. नियम वाचायला हवे होते ही माझी चूक, शंभर टक्के. पण मी फोन करून विचारलं की आता नुसता मूळ फोटो विचारात घ्याल का, किंवा कुणाशी बोलू, तर “मेलमध्ये सगळं लिहिलंय” यापलीकडे कुणी एक शब्द बोललं नाही. फी गेली ती गेलीच. जास्त लागलं ते क्लबमध्ये. ते सदस्य म्हणाले, “मी काढ म्हणालो, क्लोन कर कुठे म्हणालो?”

पुढचं दीड वर्ष मी एकही फोटो कुणाला दाखवला नाही. माझं खरं नुकसान हेच झालं. त्या दीड वर्षात काढलेले फोटो आता बघवत नाहीत, एकाच चुका परत परत.

नंतर कधीतरी घरात तो क्लोन केलेला प्रिंट भिंतीला टेकवून ठेवला होता. आई केर काढताना थांबली आणि म्हणाली, “ही बाई बघतेय कुणाकडे?” मी मूळ फाइल उघडली. ती त्या ग्लासाकडे बघत होती. चार पावलांवर पाणी होतं, आणि डोक्यावरची तुळस सावरत तिला तिथवर जायचं होतं. खरा फोटो म्हणजे तो ग्लासच होता आणि मी तोच पुसून टाकला होता. आईला अॅपर्चर म्हणजे काय ते माहीत नाही. बैठकीतल्या वीस-पंचवीस जणांपैकी, माझ्यासकट, एकानेही ती नजर कुठे जाते ते पाहिलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): मत मागताना फोटो कशासाठी आहे ते आधी सांगा. स्पर्धा असेल तर कुठला विभाग, की घरात लावायचा प्रिंट, की नुसतं शिकायचंय. फोटोत काय आहे ते मात्र सांगू नका, ते समोरच्याला दिसतंय का हेच तर बघायचं असतं. ‘कसा वाटला?’ विचारलंत की ‘मस्त’ येणार. ‘नजर आधी कुठे गेली?’ असं विचारून बघा, लोक अचानक कामाचं बोलायला लागतात. आणि उत्तर आल्यावर खुलासे देत सुटू नका. ‘तिथे गर्दी फार होती हो’ हे प्रत्येकालाच माहीत असतं. एक दिवस जाऊ द्या. अमुक काढ, तमुक काप असा सल्ला आला तर मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर करून बघा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

मत देणाऱ्यांवर मी एवढा चिडतोय, पण माझं पापही कबूल करतो. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो) एक फोटो ग्रुपवर आला होता, कॉलेजातल्या एका मुलीने काढलेला. मी ऐटीत ‘शार्प नाही’ लिहून मोकळा झालो. तिने नंतर मूळ फाइल दाखवली तर डोळ्याची कडासुद्धा स्वच्छ दिसत होती, व्हॉट्सअॅपने दाबून दाबून फोटोचा लगदा केला होता. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मोबाइलच्या भडक स्क्रीनवर बघून रंगाबद्दल बोलू नका, हे तेव्हा शिकलो. तिने बरेच दिवस काही टाकलं नाही. माफी मागितली मी, पण ते शब्द गेले ते गेले.

तेव्हापासून कुणी विचारलं तर आधी काय दिसलं ते लिहितो, मग काय खटकलं ते. त्यातलं घरी बसून सुधारता येईल असं कुठलं आणि पुढच्या वेळी जागेवरच बघावं लागेल असं कुठलं, ते वेगळं करून सांगतो. नुसतं ‘बॅकग्राउंड क्लटर’ म्हणून त्या बिचाऱ्याने घरी काय करायचं, गड हलवायचा?

तर तुमचा फोटो. माझी नजर आधी वरच्या पिवळ्या ढगावर गेली आणि तिथेच अडकली, कारण तिथे पोत उरलेला नाही, सपाट पिवळा पट्टा झालाय. खाली डावीकडे बापाच्या खांद्यावरचं पोर डोळे गच्च मिटून बसलंय, तिथे मी दुसऱ्यांदा बघताना पोचलो. ‘एनर्जी नाही’ म्हणणाऱ्यालाही बहुधा हेच जाणवलं असावं, अंदाज आहे माझा. रॉ फाइल असेल तर पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) आणि सॅच्युरेशन (भडकपणा) दोन्ही खाली आणा, पण लाल पूर्ण फुटला असेल तर फार हाती लागणार नाही. ते पोर मात्र काहीही झालं तरी कापू नका, कुणी कितीही मोठा माणूस सांगो.

आणि भंडारा उडायच्या आधीच्या दोन-तीन फ्रेम असतील तर त्याही टाका. त्या पोराचे डोळे उघडे असतानाचा एखादा असेल तर मला बघायचाय.