मुलाच्या ऑटिझमचा रिपोर्ट हातात आल्यावर पुढे काय

ताई, आधी एक सांगते, बरं करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. थेरपी लगेच सुरू करा, खिशाला जड जात असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीचं सरकारी केंद्र, असतं का विचारा, तिथे स्पीच थेरपी, ओटी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी) फुकट मिळतं. अपॉइंटमेंट घेताना सकाळची पहिलीच मागा, कारण गर्दीत टोकनची बेल वाजली की आमचा मुलगा कान दाबून बाकाखाली शिरायचा आणि मग आत डॉक्टरांना फक्त रडणारं मूल दिसायचं, म्हणून घरचे व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या, जेवतानाचा, खेळतानाचा, झोपेआधीचा. आणि झोप उडाली, अचानक स्वतःला मारायला लागला तर "ऑटिझममध्ये असं होतंच" एवढ्यावर गप्प बसू नका हो, दात, कान, पोट तपासून घ्या, भीती किंवा अँग्झायटी आहे का ते स्पष्ट विचारा, आम्हाला एका ठिकाणी असंच परत पाठवलं होतं आणि निघाली दाढ किडलेली. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढा, त्यासाठी आयसा टेस्ट करतात, ऑटिझम किती आहे ते मोजणारी. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचं निरामय, म्हणजे आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, थेरपीची बिलंही चालतात, सगळ्या पावत्या जपून ठेवा.