अपवर्तन की वक्रीभवन?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या दहावीच्या पुस्तकात प्रकाशाची दिशा बदलण्याला (refraction) 'अपवर्तन' आहे, आम्ही शिकलो 'वक्रीभवन', मग बरोबर कुठलं. सांगतो, पण आधी एक, पाण्यातली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते ती 'परावर्तनामुळे' असं म्हणणं आता बास करा, शिकवण्याच्या व्हिडिओतसुद्धा हे ऐकलं की डोकं फिरतं. परावर्तन म्हणजे आरशावरून माघारी येणं. पेन्सिलीवरून निघालेला उजेड पाण्यातून हवेत येतो, पाण्यात वेग सेकंदाला साधारण २,२५,००० किमी, हवेत जवळपास ३,००,०००, आणि वेग बदलला की तिरपा आलेला किरण तिथल्या तिथे दिशा बदलतो. हेच ते अपवर्तन.

आता खरी गंमत बघा. अपवर्तनात 'वृत्' धातू आहे, म्हणजे वळणं, फिरणं. त्याच धातूचं 'वर्त्मन्' म्हणजे रस्ता, प्राकृतात वट्ट, आपली वाट! आणि 'वर्ति' म्हणजे वळलेली, तिची झाली समईतली वात, जी आपण अजूनही 'वळतो'च, कापूस तळव्यावर घेऊन. म्हणजे उजेड निघतो त्या वातीपासून त्याची वाट वळते तिथपर्यंत सगळं एकाच घराण्यातलं, आणि लोक म्हणतात शब्द रुक्ष आहे!

'हिंदीतून उचललेला सरकारी शब्द' हेही मला अजिबात मान्य नाही. ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्य अपवर्तन वापरतात, सामाईक भाजकाने भागून संख्या लहान करणं या अर्थाने. प्रकाशाचा अर्थ नवा, शब्द नाही. विश्वकोशात याच अर्थाने येणारं 'प्रणमन' (म्हणजे झुकणं) मात्र मला पटत नाही, काचेत शिरताना किरण स्तंभिकेकडे (काचेच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेकडे) झुकतो हे खरं पण बाहेर पडताना तर तो तिच्यापासून लांब जातो, तिथे कसलं आलंय प्रणमन?

वक्रीभवन तरीही टाकून देऊ नका, माझं स्पष्ट मत आहे की तो वेगळ्या कामाला राखून ठेवावा. पाणी-हवेच्या सीमेवर किरण मोडतो, वक्र होत नाही. पण हवा खाली दाट, वर विरळ, म्हणून मावळत्या सूर्याचा किरण खरोखरच वक्र होत येतो, क्षितिजाशी अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच, आणि सूर्यबिंबही जवळपास तेवढंच, त्यामुळे बिंब समुद्राला नुसतं टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य खरं तर अख्खा खाली गेलेला असतो. समुद्राच्या लाटेचंही तेच, तिरकी येणारी लाट, तिचं उथळाकडचं टोक आधी मंदावतं, खोलातलं पुढे धावतं आणि लाट हळूहळू किनाऱ्याला समांतर होते. हे वक्रीभवन.

मुलीला परीक्षेत पुस्तकातलं अपवर्तनच लिहू द्या.